हरकत नाही, हे सांगायला

॥ श्री ॥
ब्रह्मा घाट, वाराणसी
३ नोव्हेंबर २०२४

ती. मालविकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण आमच्याकडे फोनवर बोललेलं शेजाऱ्यांना आधी कळतं.

घरात सिनेमाचं शूटिंग चालू आहे. श्रीमंत मुलगी, गरीब मुलगा, कॉलेजातलं प्रेम. ते लोक घर बघायला आले तेव्हा मी हौसेने नवे पडदे लावले होते. दिग्दर्शक घरभर फिरला, फार खूश झाला आणि पडदे काढायला सांगितले. आमचं घर गरीब मुलाचं आहे. भिंतीचे पोपडेसुद्धा तसेच राहू द्या म्हणाला. त्याचा शब्द आम्ही मोडला नाही.

हे पाठशाळेत मुलांना वेद शिकवून आले की खुर्ची टाकून बसतात. परवा श्रीमंत बापाने नायकाला हाकलून दिलं, तर यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि प्रेमात उच्चनीच नसतं असं दिग्दर्शकाला ऐकवलं. आपली वैदेही तिथेच उभी होती. संध्याकाळी तिने सांगून टाकलं की तिच्या वर्गातला आदित्य तिला आवडतो, आणि लपूनछपून भेटण्याचा तिला कंटाळा आलाय. मुलगा इकडचाच, हिंदी बोलणारा. चौकात त्यांची साड्यांची पेढी आहे.

यांनी अंगणात येरझारा घातल्या. मग ठरवलं, की आपण विद्वानांचं घराणं, ते व्यापारी, तेव्हा मोठं मन आपणच दाखवायला हवं. त्यांच्या घरी जाऊन आमची हरकत नाही असं सांगणार आहेत. पंचांग बघून कार्तिकी पौर्णिमेचा दिवस काढलाय. हिंदीत भाषणही तयार आहे, त्यातलं निम्मं संस्कृत आहे. पोरगी मात्र हवेत तरंगते आहे.

एवढ्यात रागावू नकोस, पुढे कारण मिळेलच.
तुझी,
लतिका

नाशिक
८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. लतिकेस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून फार करमणूक झाली. दत्तात्रेयरावांचं मन मोठं आहे हे माहीत होतं, ते दाखवायला ते रिक्षा करून जाणार हे नवीन. सिनेमावाल्याने तुमचं घर एका नजरेत ओळखलं, तुम्हाला मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ओळखता आलं नाही. पेढीवाले तुमच्या हरकतीची वाट बघत दिवस काढत असतील, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आणि एकोणीस वर्षांच्या पोरीचं काय एवढं? तिला कुठे उद्या लग्न करायचंय? त्या मुलाला घरी चहाला बोलवा, तुमच्या आधी त्याला बोलू द्या. जायचंच असेल तर त्यांना शर्ट-पँट घालायला लाव. ऐकणार नाहीत, तरी माझं नाव सांगून बघ.

वैदेहीला जपा, ती तुमच्यासारखी निबर नाही.
माया आहे म्हणूनच बोलते, हे विसरू नकोस.
मालविका

ब्रह्मा घाट, वाराणसी
१८ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आई लिहिणार नाही म्हणते, म्हणून मी लिहिते.

बाबांनी शर्ट-पँट घातली नाही. धोतर, उपरणं, कपाळाला गंध, आणि दिवस पौर्णिमेचा. दारावरच्या माणसाने आम्हा तिघांना पाहिलं आणि पंडितजी आले म्हणून आत वर्दी दिली. आदित्यची आई डोक्यावर पदर घेऊन आली, बाबांना पाटावर बसवलं, पाया पडली. पाठोपाठ शिधा आला. तांदूळ, डाळ, तूप, गूळ, वर दक्षिणेचं पाकीट. पुण्यतिथीला यावा तसा साग्रसंगीत.

बाबांनी भाषण सुरू केलं. प्रेमात उच्चनीच नसतं, आमची काही हरकत नाही. त्या हात जोडून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, फार सुंदर प्रवचन झालं, दर पौर्णिमेला येत जा.

तेवढ्यात आदित्य जिन्यावरून उतरला. त्याने मला पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. त्याच्या आईने त्याला पाया पडायला सांगितलं. तो बाबांच्या पडला, आईच्या पडला. मग त्या म्हणाल्या, पंडितजींची कन्या आहे, हिच्याही पड. इकडे तशी रीतच आहे. तो वाकला, माझ्या पायांना हात लावला आणि सरळ उभा राहिला. माझं नाव त्याने घेतलं नाही. नंतर शिध्याची पिशवी मात्र रिक्षापर्यंत आणून दिली, मुलगा संस्कारी आहे.

मी त्याला पुन्हा भेटणार नाही. त्याचे मेसेज येतात, खूप प्रेम आहे म्हणतो. असेल.

शिधा बाबांनी पाठशाळेच्या मुलांना देऊन टाकला. काल आमच्या अंगणात सिनेमाचा शेवट झाला. गरीब नायक सगळ्या लोकांसमोर, मुलीच्या बापासमोर तिचं नाव घेतो. दिग्दर्शकाने ते पुन्हा पुन्हा करून घेतलं आणि मला प्रत्येक वेळी रडू आलं. या वेळी बाबांनी खुर्ची टाकली नव्हती. ते आत चहा करत होते, जो त्यांना येत नाही. मला कप दिला, शेजारी बसले आणि विचारलं, की त्यांचं भाषण जरा लांबलं का, थोडक्यात आटोपलं असतं तर त्या मुलाला बोलायला वेळ मिळाला असता का.

मी म्हटलं, नाही बाबा, भाषण छान झालं.

चहा अगदी कडू होता, मी सगळा प्यायले.
तुमचा हात डोक्यावर असाच राहू दे.
वैदेही