मैनाला फोन

८ फेब्रु., रविवार. खुटबाव

उद्या निघायचं. अशूनं तिच्या रांजणगावच्या कंपनीतून रजा टाकली, अंदमानची तीन तिकिटं काढली, आणि मग आम्हा दोघांना सांगितलं. लेक माझ्यावरच गेलीय.

बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. जीव सगळा गोठ्यात. मैना गावरान गाय, माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. सासूबाईंना विचारलं, "आत्या, जमंल का धार काढाय?" तर म्हणाल्या, "तू यायच्या आधी काय गाया आटल्या हुत्या व्हय? तुझ्यावाचून काय बी अडत न्हाई हितं."

अठ्ठावीस वर्षं झाली या घरात. एकदा तरी उलटं म्हणावं त्यांनी. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे मीच वेडी.

१० फेब्रु., मंगळ. अंदमान

काल विमान, परत विमान. आज बोट. ह्यांना बोटीत उलट्या. "उसाची ट्रॉली परवडली," म्हणाले.

समुद्र! निळा म्हणावा तर हिरवा. साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिले. लाटेनं पायाखालची वाळू ओढली तशी किंचाळले. अशू हसून हसून खाली बसली. इथं साडेपाचलाच सूर्य गडप होतो.

तेवढ्यात घरून फोन. नुसती खरखर. लॉजवाला म्हणाला, रेंज फक्त जेटीपाशी, बोटी लागतात तिथं. पळत गेले. सासूबाई: "मैना पान्हावत न्हाई. सकाळी बी तांब्याभर न्हाई दिलं. वासरू सोडलं, पेंड ठिवली, ढिम्म हालत न्हाई. आता तूच बोल तिच्याशी." फोन म्हणे गाईच्या कानाला लावला. मग काय, जेटीवर सगळ्यांच्या देखत, "मैने, सोड गं माझी बाय, हो हो हो..." शेजारची बंगाली बाई दोन पावलं लांब सरकली.

पाच मिनिटांनी, "सोडलं." हुश्श.

११ बुध.

आजही तेच. सगळं जग सूर्यास्ताचे फोटो काढतंय आणि मी सूर्याकडं पाठ करून गाईशी बोलतेय. राग आला. आयुष्यात एकदा घर सोडलं, तर इथवर दावं गळ्यात.

सासूबाई मात्र फोनवर मोकळ्या. "जेवलीस का? मासळीचा वास सोसतोय का? हितं अजून ऊन हाय बघ." मग म्हणाल्या, "मागं काय गरजतंय?"

"समुद्र हाय, आत्या."

"ठिव जरा तसाच फोन."

ठेवला. लाटांकडं धरून उभी राहिले, हात भरून आला तरी त्यांनी फोन बंद केला नाही.

रात्री जेवताना हे म्हणाले, "अशानं कास सुजंल गाईची. तिकिटं बदलू, परवाच निघू." अशू तशीच ताटावरून उठली. मीही ताट सारलं.

१२ गुरु.

सकाळी जेटीवर जाऊन गावाकडच्या शेजारच्या सुनीताला मेसेज केला, मैनाची कास गरम पाण्यानं शेक म्हणून. तिनं आवाज भरून पाठवला: "कासंला काय झालंय, ताई? मैना झ्याक हाय की. आत्या बसल्या की सोडती. दोन्ही येळंला आमच्याकडं बी तांब्याभर धाडत्यात. सोमवारपासनं आमचा चहा नुसता दाट!"

दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ह्यांना ऐकवलं. ते हसायलाच लागले. "म्हातारी लबाड हाय!" मला हसू येईना. वाळूत बसून रडले, चांगली हुंदके देऊन. अशू घाबरली. तिला म्हटलं, तिकिटं राहू देत, शनिवारचीच.

आणि मला म्हणाल्या, काय बी अडत न्हाई!

संध्याकाळी मीच आधी जेटीवर जाऊन बसले. फोन आला. "पान्हावत न्हाई गं ही." म्हटलं, द्या तिच्या कानाला. आज मैनाला सगळं सांगितलं. काचेच्या बोटीतून पाहिलेले मासे, ह्यांच्या उलट्या, अशूनं मला पाण्यात ओढलं ते. आणि म्हटलं, "तुझी लई आठवण येती गं." मग, "सोडलं." आवाज बसलेला.

हे म्हणाले, "तुला कळलंय, ते तिला सांगणार का?" म्हटलं, गप्प बसा.

१५ रवि. खुटबाव

दुपारी पोचलो. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काळी पडलीस." बस, एवढंच. मैनानं मात्र हात चाटून चाटून लाल केला.

अशू म्हणते, पुढच्या खेपेला आजीला न्यायचं, तू विचार. बघू. "मला काय करायचाय समुद्र" म्हणतील. पण तो फोन धरून बसल्या होत्या ना...

संध्याकाळी धारेच्या वेळी मुद्दाम ओट्यापाशी रेंगाळले. डबे पुसले, पुसलेले परत पुसले. गोठ्यातून हाक आली.

"अगं ए, पान्हावत न्हाई ही. ये बरं."

गेले. बादली काठोकाठ भरलेली, वरचा फेस अजून बसला नव्हता. सासूबाईंनी ती हळूच पायामागं सरकवली. मी काही पाहिलं नाही. मैनाच्या मानेशी खाली बसले.

"बोल तिच्याशी."

"काय बोलू, आत्या?"

"ते समुद्राचं."