चौथं कडवं

प्रिय सिसेलताई,

मेसेज तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला, म्हणून शेवटी कागद घेतला. बाळाच्या बाप्तिस्म्याला बाळाला मी हातात धरावं, त्याची धर्ममाता मीच व्हावं, असं तू विचारलंस त्याला आठ दिवस झाले आणि मी अजून हो म्हटलं नाही. तू म्हणत असशील, ही बया नेहमीसारखी लाजतेय. तसं नाहीये गं. आणि तू खाली लिहिलंस ना, 'आजोबांना बोलवणार नाही, सांगायचं काम तुझं', ते मी सांगितलं. काय झालं ते लिहिते.

मी बरी आहे. काचघरात काकड्या लागल्यात, दिवसभर तोडते. तिथं कुणी बोलायला लावत नाही. शाळेत उभं राहून वाच म्हटलं की मला घाम फुटायचा, तुला माहितीच आहे, त्यापेक्षा काकड्या बऱ्या. संध्याकाळी मी आणि आजोबा राय धान्याचा काळा पाव आणि हेरिंग मासा खातो, गप्प बसून. दोघांनाही तेच सोयीचं.

तुझ्या लग्नाचं आम्ही कधीच बोलत नव्हतो. पण मला ते रोज आठवतं. गावच्या सभागृहात साठ माणसं, प्रत्येकाच्या ताटावर गुंडाळी करून रिबीन बांधलेलं आजोबांचं गाणं. आपल्याकडे लग्नात घरच्यानं रचलेलं गाणं आधी कोण वाचतं? चाल जुनीच, सगळ्यांना पाठ, गुंडाळी सोडायची आणि सुरू. प्रेबेनकाकाच्या टकलाचं कडवं आलं, काका स्वतःच टेबल बडवत होता. मग चौथं आलं.

वीज गेली रात्री तरी, सिसेल, भिऊ नको गं फार,
नवरा हसला तर दिसेल, नाहीतर सगळा अंधार.

पहिल्या ओळीला सगळे जोरात होते. दुसऱ्या ओळीत निम्मे थांबले. बाकीचे गातच राहिले, कारण चाल काय मधे थांबत नाही. आणि तेस्फायभावोजी सगळ्यांत स्पष्ट गात होते. ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द नीट, आपलं डॅनिश चुकू नये म्हणून. शेवटच्या शब्दापर्यंत बाकीचेही गळाले आणि त्यांचा एकट्याचाच आवाज उरला. मग त्यांना अर्थ लागला. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि तू उठून बाहेर गेलीस.

आजोबांचं तेव्हापासून एकच. 'अरे, गंमत होती! टकल्याची केली, जाड्याची केली, नातजावयाच्या काळ्या रंगाची केली तर काय बिघडलं? घरचा धरला म्हणूनच केली ना!' बाबांनी एकदा वाद घातला, तर म्हणाले, 'तुमची पिढी म्हणजे कच्चं अंडं, हात लावला की फुटतं.'

रविवारी ते बटाटे सोलत होते तेव्हा मी सांगितलं, तुम्हाला बोलावणं नाहीये. ते सोलतच राहिले. मग म्हणाले, 'बरं. पण बाळाचं गाणं तयार आहे माझं. ते पाठवू.' मी ड्रॉवरमधून लग्नातल्या गाण्याचा कागद काढला आणि चौथं कडवं मोठ्यानं वाचून दाखवलं. नुसतं वाचलं, चाल न लावता. ते म्हणाले, 'असं काय मेल्यासारखं वाचतेस? चालीवर म्हण.' मी म्हटलं, नाही. परत वाचलं. आणि म्हटलं, 'आजोबा, तुमच्या ह्या गाण्यात बाळसुद्धा अंधारात दिसत नाही.'

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग विचारलं, 'इतकं घाण होतं, तर छापायच्या आधी मला कुणीच कसं सांगितलं नाही?'

लगेच सुधारले असं समजू नकोस. भावोजींची माफी मागा म्हटलं, तर म्हणाले, 'ब्याऐंशी वर्षांत कुणाची मागितली नाही, कशी मागतात ती?' मंगळवारी दवाखान्यातून येताना बसच्या परदेशी ड्रायव्हरबद्दल जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. फक्त बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी बघायचे नाहीत. बदल म्हणायचा तर एवढाच आहे. त्यांना बोलव असं मी म्हणत नाही.

पण छापायच्या आधी कुणी का सांगितलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे होतं, ताई. आजोबांना कीबोर्डवरची अक्षरं दिसत नाहीत. गाणं त्यांनी सांगितलं, टाइप मी केलं. वाचनालयात जाऊन साठ प्रती मी काढल्या, रिबिनी मी बांधल्या. चौथ्या कडव्याला माझे हात थांबले होते. मी विचारलं, 'हे ठेवायचं?' ते म्हणाले, 'का, यमक जुळत नाही?' आणि मी म्हटलं, 'जुळतंय.' एवढंच म्हटलं. त्या दिवशी सभागृहामागे तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, 'तू एकटीच माझी आहेस इथं' म्हणालीस, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. आता बाळ माझ्या हातात द्यायचं की नाही ते हे सगळं धरून ठरव. भावोजींनाही हे वाचून दाखव. नको म्हणालात तर मी मागच्या बाकावर बसेन, येऊच नको म्हणालात तर आजोबांबरोबर घरी थांबेन. बाळाला वेळेवर बोलणारं माणूस हवं. मला ते रविवारी पहिल्यांदा जमलं. हे दुसऱ्यांदा.

तुझीच, जशी आहे तशी,
आल्बेर्ते