दुसरी मात्रा

सोमवार. टँकर आजही आला नाही.

पण दुपारपासून डोक्यात वेगळंच आहे. कौसाबाई ऊसतोडीहून परतली आणि थेट वाचनालयात माझ्याकडे आली. सही करायला तिला मीच शिकवलं होतं. 'कौ'वरची दुसरी मात्रा ती कायम विसरते, सही 'कोसाबाई' होते. आजही तशीच झाली. मग तिने वाचकांच्या नोंदवहीची मागची पानं उलटली. त्या दिवसांत ती कारखान्यावर होती, तरी रोज तिची सही. अनुदानाच्या तपासणीसाठी मीच ठोकलेली. दुष्काळात गाव रिकामं झालं, वाचक दाखवायचे कुठून? पण तिचंच नाव का घेतलं मी? आणि वर प्रत्येक सहीत दोन्ही मात्रा. शिकवायची खोड, दुसरं काय.

"सर, मी तर हितं नव्हते. ही सही कुणाची हाय?"

"तुमचीच," मी म्हणालो. निर्लज्जासारखा.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने मी ठोकलेल्या सहीवर बोट ठेवून नीट पाहिलं आणि आपल्या आजच्या सहीवर दुसरी मात्रा दिली.

"आता बरोबर हाय का?"

मी होकारार्थी मान हलवली.