मशीन नंबर तेरा

कालिंदीनगर, पडेगावच्या पुढं,
औरंगाबाद. मे २०१९

ती. लक्ष्मणमामांच्या चरणी शंतनूचा साष्टांग नमस्कार (पाण्याच्या बादल्या वाहून पाठीत उसण भरलीय, त्यामुळं प्रत्यक्षात घातलेला नाही, घातला असं धरावं). तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? कांद्याला भाव नाही असं मामी फोनवर म्हणाली, पण तो मला कळायला लागल्यापासून नाहीच. दुकानामागची ती कांदा निवडायची मशीन अजून आहे का भंगारात दिलीत? पहिल्याच दिवशी तिनं मामीचा पदर ओढला आणि तेव्हापासून तिच्यावर कोंबड्या बसतात, ती. सहज विचारलं. मोबाईलवर दोन ओळींच्या पुढं तुम्ही वाचत नाही, म्हणून हे सगळं कागदावर लिहितोय.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून औताडेसाहेबांनी मला वाळूजच्या त्यांच्या कारखान्यात घेतलं, पण कच्च्या नोकरीवर. मी डॅशबोर्ड बनवायचा, तो पुण्याच्या पाहुण्यांनी (म्हणजे आमचा माल घेणाऱ्या बड्या कंपनीच्या मंडळींनी) पसंत करायचा, मग मी पक्का. नापसंत झाला तर सरळ वैजापूर, तुमच्या आडतीवर पोती मोजायला. चारुतानं तेव्हाच बजावलं, की वैजापूरला तुम्ही जा, मी आपली माहेरी जाईन. (तिचं माहेरही वैजापूरच, पण रागात तिच्या ध्यानात राहत नाही.)

आता डॅशबोर्ड म्हणजे काय, तर भिंतीवर एक मोठा टीव्ही. आमच्याकडं पत्रा दाबून सुटे भाग काढायच्या बारा प्रेस मशिनी आहेत. प्रत्येकीला सेन्सर नावाची एक डबी चिकटवायची, ती मशीनचा ताप आणि थरथर मोजते. मशीन धडधाकट असली तर टीव्हीवर हिरवा, कणकण असली तर पिवळा, आडवी व्हायला आली की लाल आणि वर भोंगा. तुम्ही पोत्यात हात घालून कांदा सडलाय का सांगता तेच हे, फक्त तुम्हाला वीज लागत नाही. पण रंगांवरूनच आधी महाभारत झालं. साहेबांना लाल नको, म्हणे बीपी वाढतो. म्हणून भगवा केला, तर दिवस निवडणुकीचे. आमचे फोरमन सांडूभाऊ म्हणाले, ‘‘भगवा म्हंजे धोका व्हय? लई शिकलात!’’ निळा केला तर दुसरी पाळी माझ्याशी बोलेना. या गावात एकही रंग बिनमालकाचा उरलेला नाही, मामा. शेवटी साहेबांनी बीपीची गोळी सुरू केली आणि लाल ठेवला.

इथपर्यंत माझी काही चूक नव्हती. पण एक सेन्सर उरला. तुम्हाला माहीतच आहे, आमचं कालिंदीनगर कालपरवापर्यंत ज्वारीचं रान होतं. आता चहूकडं इमारती उठल्यात, माणसं आलीत, फक्त पाणी यायचं राहिलंय. नळ सुटतो आठवड्यातून एकदा, तोही कुठल्या वेळी ते नळालाही ठाऊक नसतं. चारुता शाळेत शिकवायला, मी वाळूजला, आणि पाणी येऊन जातं. मग मी काय केलं, तो उरलेला सेन्सर आमच्या नळाच्या पायपाला चिकटवला. पाण्याआधी हवा येते, पाइप थरथरतो, आणि ते इंटरनेटवरून कारखान्यातल्या टीव्हीवर दिसतं. नाव दिलं मशीन नंबर तेरा. कोणाच्या लक्षात येतंय!

सांडूभाऊंच्या आलं. तेही आमच्याच लायनीत राहतात, आणि पहिल्या पाळीतली निम्मी माणसंही. दुसऱ्या दिवसापासून सगळा कारखाना टीव्हीकडं डोळे लावून. साहेब खूश, की पोरांना यंत्राची केवढी काळजी! प्रेसच्या दणदणाटात कळत नाही म्हणून सांडूभाऊंनी तेरा नंबरलाही भोंगा जोडून घेतला. मी नाय म्हणालो नाही. पाण्याला नाय म्हणणारा मी कोण?

आणि नेमके पाणी यायच्या वारीच पाहुणे आले. तेरा नंबर काढून टाकतो म्हटलं तर सांडूभाऊ पान्हा हातात घेऊन समोर उभे. पाहुण्यांतल्या मुख्य बाईंनी सगळं बारकाईनं पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, ही तेरावी मशीन बंद का? साहेब माझ्याकडं बघायला लागले, मी छताकडं. साहेब पक्के मुरलेले. म्हणाले, दुरुस्तीला काढलीय. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तेरा नंबर लालभडक झाला आणि भोंगा बोंबलला. ‘‘आलं! आलं!’’ असा एकच गलका झाला. बटणं पटापट बंद, माणसं दाराबाहेर, मोटरसायकली चालू. पुण्याची बाकी मंडळी डोक्यावर बॅगा धरून बागेत जाऊन उकिडवी बसली. शेडमध्ये उरलो मी, साहेब आणि त्या बाई. डोळ्यांपुढं तुमची पोती दिसायला लागली.

पण बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या! म्हणाल्या, धोक्याचा इशारा होताच मशिनी बंद करून एवढ्या शिस्तीनं बाहेर पडणारे कामगार आम्ही कुठंच पाहिले नाहीत. डॅशबोर्ड पसंत. त्या गेल्यावर साहेबांनी मला जवळ बोलावून विचारलं, तेरा नंबर आहे कुठं? खरं सांगून टाकलं. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मग म्हणाले, तुमच्या लायनीमागोमाग आमच्या बंगल्याची लाइन सुटते ना? आणि घरी फोन लावून मोटर चालू करायला सांगितली. (नळाला मोटर लावायला बंदी आहे, म्हणून हळू आवाजात सांगितली.)

तर असं सगळं छान झालं. काळजी नसावी. मामीला नमस्कार.

तुमचा,
शंतनू

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. पाहुणे पुढच्या आठवड्यात परत येतायत, दुरुस्त झालेली तेरावी मशीन बघायला. साहेब म्हणतात, मशीन उभी कर नाही तर तू उठ. तेव्हा ती कांद्याची मशीन कोंबड्या हाकलून टेम्पोनं पाठवा. रंग मी देतो. नुसती हलली तरी पुरे.

ता. क. २. त्या दिवशी सगळा कारखाना पाणी भरायला घरी धावला, साहेबांच्या बंगल्याची टाकी वाहिली, आणि मी पाहुण्यांना चहा पाजत होतो. चारुता शाळेत. ज्या नळानं सगळ्यांना जागं केलं तो आमच्या मोरीत तासभर वाहून गेला. चारुता तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. खरंच फार वाईट वाटतं, मामा. तुमच्या बोअरला पाणी आहे. त्याच टेम्पोत दोन ड्रम भरून टाका.

ता. क. ३. दोन्ही मावत नसेल तर मशीन राहू द्या.