लॅबमधल्या मावशीचं सी

२ फेब्रु., सोमवार
फॉर्म भरला. कॉलेजच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काँप्युटर चालू-बंद केले, फडकं मारलं. आता संध्याकाळच्या सी लँग्वेजच्या कोर्सला तिथंच बसायचं. लॅब सहायकाची जागा निघणार आहे, तिला हे सर्टिफिकेट लागतं. सरांनी नाव वाचलं. "सुनंदाबाई, तुम्ही?" हाव सर, मीच. बारावी सायन्स हाय मी.

५ फेब्रु.
पहिला प्रोग्राम! पडद्यावर माझं नाव छापून आलं. इतक्या वेळा चालवला की शेजारची कौसर हसायला लागली. (बी.एस्सी.ची पोरगी, दिवसा मलाच लॅबची चावी मागते.) घरी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "नाव तर मतदार यादीत बी येतंय." लई बोलतात.

२१ फेब्रु.
for लूप, म्हणजे तेच काम मोजून पुन्हा पुन्हा. सातचा पाढा छापायचा होता. दहा ओळी यायच्या, आली एकच: ७७. पाढ्यात ७७ येतच नाही! तीनदा चालवलं, तेच. कौसर वाकली, "मावशी, for के पीछे सेमीकोलन कायको डाले?" त्या सेमीकोलनमुळं लूप नुसताच रिकामा फिरला, मोजणारा i अकरावर गेला, अन् मग एकदाच छापलं, सात गुणिले अकरा. दोघी इतक्या हसलो की सर बघायला आले.

१ मार्च, रवि.
सैपाक करता करता ह्यांना if-else सांगितलं. वांगे असले तर भरीत, नसले तर पिठलं.
"अन् बेसन बी नसलं तर?"
म्हटलं, हेच तर else if! न शिकता आलं की तुम्हाला. दिवसभर त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होते म्हणे.

१४ मार्च
प्रॅक्टिकल. नांदेडहून परीक्षक आले. मशिनी चालू केल्या, त्यांना चहा दिला, कप उचलला, अन् पदर खोचून सात नंबरला बसले.
"बाई, इथं परीक्षा चालू होतीय."
"म्हणूनच बसले, सर."
तीन आकड्यांतला मोठा शोधायचा. आकडा टाकला की प्रोग्राम बंद. परत टाकला, परत बंद. कौसर पार तिकडच्या टोकाला. मग एकेक ओळ बोट ठेवून वाचली. आकडा आत घेणाऱ्या scanf मधला & राहिला होता! टाकला. चालला! खुर्चीतच उडाले.
तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं, हे चिन्ह कशाला? म्हटलं, scanf ला पत्ता लागतो, सर. नाहीतर आकडा नेऊन ठेवायचा कुठं?
ते लिहीत राहिले. जाताना म्हणाले, "चहा चांगला होता."
चहाच?

२३ मार्च
निकाल नाही अजून. पण सरांनी बोलावलं. जूनच्या नव्या बॅचचं पहिलं प्रॅक्टिकल घ्याल का? मी "बघते" म्हटलं. जिना उतरून राहिले तर हसू काही थांबेना.
हे म्हणाले, "बघते कशाला म्हनलीस?"
काय की. उद्या काय सांगायचं, अजून ठरलं नाही. फक्त दुपारी लॅब रिकामी होती तेव्हा फळ्यावर लिहून बघितलं. अक्षर जरा तिरकं जातंय.