कोंबड्यांच्या खाद्याचं माप

इस्पितळ, सेंट लुईस
मंगळवार

आई,

आधी चांगलं सांगतो. उलट्या थांबल्यात, काल वाटीभर सूप पोटात टिकलं. केस गेल्यामुळे मी आता हुबेहूब बाबांसारखा दिसतो.

वकीलबाई येऊन गेल्या. तणनाशकाची कंपनी तडजोडीला तयार झालीय. पैसे देणार, पण चूक कबूल करणार नाही. तीस वर्षं मी आपल्या शेतात ते फवारलं, मला कॅन्सर झाला, मग चूक काय मक्याची? वर मी याबद्दल कुठे तोंड उघडायचं नाही, अशी सहीसुद्धा हवी!

पैसे देण्याआधी कंपनीला पुरावा लागतो. पावत्या कोण जपून ठेवतं? मग आठवलं, तणनाशकाचा रिकामा कॅन कापून मी तुला कोंबड्यांचं खाद्य काढायला माप करून दिलं होतं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "लेबल आहे ना अजून? मग धुऊ नका."

तू रोज तेच वापरतेस ना? आता हात लावू नकोस. हातमोजे घालून पिशवीत टाक.

जाताना बाईंनी भरपाईच्या दाव्याचा एक कोरा अर्ज जास्तीचा ठेवला.

तुझ्या मानेवरची गाठ डॉक्टरांना दाखवलीस का?

तुझा,
वेंडेल