डावीकडून येणाऱ्या गाड्या

दि. ४ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद वि. वि.

फोन करत नाही, कारण फोनवर तुझं निम्मं लक्ष दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे असतं आणि उरलेलं निम्मं माझ्या चुका काढण्यात. शिवाय तीस वर्षं मुक्कामाच्या ठिकाणाहून पत्रं लिहायची सवय लागली आहे, ती सुटत नाही.

गुडघा बरा आहे. काठी सुटली. जिना उतरताना आता फक्त खालच्या मजल्याला ऐकू जाईल इतकंच कण्हतो. मोठी बातमी पुढे आहे. मला शाळेची बस मिळाली! शाळा उघडली की मी गाडीवर. इतकी वर्षं ट्रकमधून सिमेंट आणि सळया वाहिल्या, आता पोरं वाहायची. तुझी वहिनी म्हणाली, सिमेंट परवडलं, ते निदान ओरडत तरी नाही. डोळ्यांची तपासणीही झाली. तक्त्यावरची शेवटची ओळ तर वाचलीच, पण त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. ठके, घरात बसून बसून मला गंज चढला होता. ही बस हातची जाऊन चालायचं नाही.

आता कामाचं. सहा महिने स्टिअरिंगला हात लागलेला नाही. माझ्या जुन्या जोडीदाराकडे संगणकावर ट्रक चालवायचा खेळ पाहिला. रस्ते, चौक, सिग्नल, सगळं हुबेहूब. शाळा उघडेपर्यंत हात चालता राहावा म्हणून तसा संगणक घ्यायचं मनात आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काढून ठेवलेल्यातले चाळीस हजार उरलेत, त्यावर एक पैसाही नाही. भर बाजारातल्या शोरूममध्ये तेवढ्यात तयार सेट मिळतोय. काचेची पेटी आणि आत लाल-निळे दिवे, लग्नाचा मांडव जसा. पण मी ट्रकसुद्धा कधी तयार घेतला नाही. चासी घ्यायची आणि वरची बॉडी आपल्या डोळ्यांदेखत बांधून घ्यायची, ही माझी रीत. मात्र ट्रकमधलं मला कळतं आणि ह्यात मी ढ. तू वीस वर्षं संगणकाचे सुटे भाग विकतेस, तेव्हा तूच सांग, तयार घेऊ की बांधू?

उत्तर लवकर पाठव. लोभ आहे तो असू दे, उपदेश थोडा कमी कर.

तुझा,
दादा


दि. ९ एप्रिल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बसची बातमी वाचून दुकानात सगळ्यांना चहा पाजला. पोरांवर ट्रकवाल्यासारखा आवाज चढवू नकोस म्हणजे झालं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. तयार सेट वाईट नसतो. एकच बिल, एकच हमी, घरी आणून वायर लावली की काम झालं. पण चाळीस हजारांत काचेची पेटी आणि दिवे द्यायचे तर दुकानदाराला कुठेतरी हात आखडावाच लागतो, आणि तो नेमका जिथे दिसत नाही तिथे आखडतो. आतला पॉवर सप्लाय हलका आणि ग्राफिक्स कार्ड जुनं. चित्र काढायचं सगळं काम त्या कार्डाचं असतं. दिव्यांनी गाडी पळत नाही, हे मी तुला सांगायला नको.

माझं ऐकशील तर बांध. निम्मे पैसे कार्डात घाल. ते वापरलेलं घे, मीच देते, दुकानात चालवून पाहिलेलं आहे. मॉनिटरही वापरलेला चालेल. प्रोसेसर मध्यम, कॅबिनेट साधं पत्र्याचं. मात्र पॉवर सप्लाय नवा आणि चांगला हवा, तिथे चिकूपणा करायचा नाही. आणखी एक फायदा आहे. बांधलेल्या यंत्रात बिघाड झाला तर एकेक भाग काढून दुसरा लावून बघता येतो, दोष कुठे आहे ते आपल्यालाच कळतं. तयार सेट बिघडला की अख्खी पेटी उचलून न्यायची आणि ते सांगतील त्यावर मान डोलवायची.

मजुरी मी घेणार नाही, तू देऊ नकोस, आणि त्यावरून भांडण नको. पार्सल तयार ठेवते.

माया कर, हिशेब करू नकोस.

तुझी,
ठकी


दि. २४ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद वि. वि.

पार्सल पोचलं. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस तसं तुझी वहिनी वाचत गेली आणि मी बसवत गेलो. सगळं जोडलं, बटण दाबलं, तर यंत्र ढिम्म! प्रोसेसर काढून पुन्हा बसवला, रॅमच्या पट्ट्या काढल्या, तुला मनातल्या मनात चार शब्दही ऐकवले. शेवटी वहिनीने मागे वाकून पाहिलं. पॉवर सप्लायला मागे वेगळं बटण असतं, ते बंद होतं. हे तू चिठ्ठीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतंस म्हणे. पहिली ओळ कोण वाचतं?

आता चालू आहे. स्टिअरिंग जुनंच घेतलं आणि जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलं. आम्ही हल्ली जेवतो ते ताट मांडीवर घेऊन. पहिल्यांदा गिअर टाकून गाडी हलवली तेव्हा छातीत कसं भरून आलं ते तुला कळणार नाही. वहिनीसमोर डोळे पुसावे लागले, घाम आला म्हणून सांगितलं.

पण एक खोट आहे. रस्ता स्वच्छ मोकळा असतो, मी चौकात शिरतो, आणि डावीकडून एकाएकी गाडी उगवते. दुरून येताना दिसत नाही, एकदम नाकासमोर. धाडकन धडक. दिवसातून पाचदहा वेळा हेच. उजवीकडे असं होत नाही. कार्ड तू वापरलेलं दिलंस, तेव्हा विचारतो, घरचं गिऱ्हाईक म्हणून भंगार तर गळ्यात बांधलं नाहीस ना? शाळा उघडायला फार दिवस नाहीत, लवकर कळव.

रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र मोठं लिही.

तुझा,
दादा


दि. २९ एप्रिल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पहिली ओळ वाचली असतीस तर तुझी बहीण शहाणी आहे हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून वाचली नसशील.

गाड्या उगवतात म्हणतोस तसं होऊ शकतं. कार्डाला काम झेपलं नाही की लांबच्या वस्तू उशिरा काढल्या जातात आणि एकदम समोर आल्यासारख्या दिसतात. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन सावल्या आणि झाडं कमी करून बघ. फक्त डावीकडेच का, हे मात्र मला उमगलेलं नाही. खात्री असावी म्हणून दुसरं कार्ड पाठवते आहे, ह्याच्यापेक्षा वरच्या दर्जाचं. पहिलं मला परत धाड, मी इथे लावून बघते. कार्ड काढताना कडेचा छोटा खटका दाब, दात उपटल्यासारखं ओढू नकोस.

भंगार म्हणालास ते वहीत लिहून ठेवलं आहे. वहिनीला नमस्कार आणि तुझ्यावर लोभ, सध्या उधारीवर.

तुझी,
ठकी


दि. ११ मे

वन्संना सप्रेम न. वि. वि.

मी पत्र लिहिलेलं ह्यांना माहीत नाही. भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि पोस्टातच बसून लिहिते आहे, त्यामुळे अक्षर गोड मानून घ्या.

तुम्ही पाठवलेलं दुसरं कार्ड बसवलं. फरक नाही. मग वायर बदलली. मग शेजाऱ्यांचा मॉनिटर मागून आणला आणि तोही लावून पाहिला. तरी धडका चालूच. आता हे म्हणतात, खेळच भिकार आहे. पण वन्सं, परवा मी ह्यांच्या मागे उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होते. चौकात डावीकडून करड्या रंगाचा लांब ट्रक येत होता. चांगला लांबून येत होता, मला दिसत होता. मला वाटलं, हे आता थांबतील. हे सरळ आत घुसले, आणि मग म्हणाले, बघ, पुन्हा उगवला.

 तेव्हापासून बारकाईने बघते आहे. डाव्या हाताला ठेवलेला कप ह्यांच्या धक्क्याने पडतो. दाराच्या चौकटीला डावाच खांदा आपटतो. मी म्हणायचे धांदरट आहात, हे म्हणायचे चौकटच अरुंद आहे. तक्ता तर ह्यांनी घडाघडा वाचला, तेव्हा डोळ्यांचं म्हणावं तरी कसं? मी बोलले तर म्हणतील, हिला मी कायम घरात हवा आहे. खरं सांगायचं तर हवेतच. पण त्यासाठी नव्हे हो. त्या बसमध्ये लोकांची लेकरं असणार. मला झोप लागत नाही. तुमचं ऐकतील, तुम्हीच काय ते लिहा.

मनात माया आहेच, ती बोलून दाखवत नाही इतकंच.

तुमची,
वहिनी


दि. १६ मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

आज चेष्टा नाही. तू परत पाठवलेलं कार्ड मी दुकानातल्या यंत्रात बसवलं आणि तोच खेळ लावला. मी स्वतः चालवला, दुकानातल्या मुलीला चालवायला दिला. डावीकडच्या गाड्या दुरूनच दिसतात. एकही उगवली नाही. दुसरं कार्डही मी पाठवण्याआधी तपासलं होतं. एव्हाना तू वायर आणि मॉनिटरही बदलून पाहिला असशीलच; तरी तेच असेल, तर आता मी तुला आणखी कोणताही भाग पाठवणार नाही.

दादा, मला भीती वाटते. तक्ता समोरचा असतो. बाजूची नजर वेगळी, आणि ती तपासायचं यंत्रही वेगळं, असं इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मोठ्या रुग्णालयात जाऊन तेवढी तपासणी करून घे. काही निघालं नाही तर मी तुझ्या घरी येऊन तुझ्यासमोर कान पकडीन आणि नवंकोरं कार्ड फुकट देईन. तपासणी होईपर्यंत मात्र बसला हात लावू नकोस. तू चिडणार हे ठाऊक आहे. चीड, पण जा.

तू मला कडेवर घेऊन फिरवलंस, तो लोभ आठवून हे सोस.

तुझी,
ठकी


दि. ३ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतका संतापलो की उत्तरच लिहिलं नाही. जिला मी नाक पुसायला शिकवलं त्या बहिणीने मला आंधळा ठरवावं! तुला खोटं पाडायचं म्हणून एक युक्ती काढली. गाडीच्या एका बाजूच्या चाकातून आवाज येत असला की आम्ही दोन्ही बाजूंची चाकं अदलाबदल करतो. आवाज चाकाबरोबर पलीकडे गेला तर दोष चाकात. आवाज जागेवरच राहिला तर चाक निर्दोष, दोष गाडीत. म्हणून मी मॉनिटरच उलटा केला, डोकं खाली आणि पाय वर, आणि भिंतीला टेकवून उभा केला. म्हणजे खेळातली डावी बाजू आता माझ्या उजवीकडे आली. खोट यंत्राची असती तर तीही उजवीकडे यायला हवी होती.

उलट्या रस्त्यावर चालवणं जमेना, गाडी दोनदा शेतात घातली. मग ती चौकात उभी केली, वहिनीला शेजारी बसवलं आणि ठरवलं, की गाडी दिसली की दोघांनीही टेबलावर टिचकी मारायची. चाकं वर करून धावणाऱ्या गाड्या पाहून ती पोट धरधरून हसत होती. माझ्या उजवीकडून गाडी आली की दोन्ही टिचक्या बरोबर पडायच्या. डावीकडून आली की आधी तिची पडायची, आणि माझी, गाडी पार मध्यावर आल्यावर. कालपर्यंत खेळातली जी बाजू मला स्वच्छ दिसत होती, तीच आता दिसेना. हळूहळू तिचं हसणं थांबलं. मग ती टिचकी मुद्दाम उशिरा मारू लागली, माझ्याबरोबर. मी तिला सांगितलं, खरी मार. तिने खरी मारली.

तुझ्या कार्डात खोट नाही, ठके. भंगार म्हणालो ते परत घेतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं रुग्णालयात गेलो. पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, ठिपके फार कमी आहेत. काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, कडेची नजर जात गेली, डावीकडची जास्त. गेली ती परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. मला कळलं कसं नाही, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की तिथे अंधार दिसत नाही. मन तिथे आपला मोकळा रस्ता भरून टाकतं.

शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना सांगून आलो की बस चालवणार नाही. कारण विचारलं, ते खरंच सांगितलं. बाहेर पडलो आणि बसच्या पायरीवर बसून रडलो. घामाचं निमित्तही केलं नाही. खेळ मात्र चालू आहे. तुझी वहिनी डाव्या हाताला खुर्ची टाकून बसते आणि गाडी आली की सांगते. तिच्या आवाजाने निम्मा बहिरा झालो आहे, पण धडका बंद झाल्या.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही, तुला सांगतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की ही नजर आजची गेलेली नाही, दोन वर्षं तरी झाली असतील. म्हणजे गुडघ्याच्या ऑपरेशनआधी मी माल भरून रोज धावत होतो, ते असाच. त्या काळात माझ्या डावीकडून फार हॉर्न वाजायचे. लोकांना अक्कल राहिली नाही म्हणायचो मी, काच खाली करून शिव्याही घालायचो. एकदा एक बाई स्कूटर घेऊन रस्त्याखाली मातीत उतरली. मागे लहान मूल होतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि तिलाच मी मरायचं आहे का म्हणून विचारलं आणि पुढे निघून गेलो. आता ती रोज दिसते. तीस वर्षांत एकही अपघात केला नाही, हे मी चारचौघांत मिरवत आलो. शेवटची दीड-दोन वर्षं त्यात धरू नकोस. तेव्हा अपघात मी टाळले नाहीत, त्या सगळ्यांनी टाळले.

पत्र लिहीत जा. उपदेशही कर, आता चालेल.

तुझा,
दादा